माझी उडी चुकली नव्हती

दिवस पहिला: येळवसेचा आदला दिवस. स्थळ, लातूर, संस्थेचे व्यायाम-सभागृह. जबाबदार: संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष, आणि माझे जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक, ज्यांना सगळा जिल्हा आजही नुसते 'सर' म्हणतो.

दिवस दुसरा: प्रत्यक्ष येळवस. स्थळ, रुग्णालयातील माझी खाट. जबाबदार: सर. एकटे.

दिवस तिसरा: येळवस उलटून गाव पुन्हा कामाला लागले तो दिवस. स्थळ, तेच सभागृह आणि तीच खाट. जबाबदार: सर व अध्यक्ष. साक्षीदार: माझे वडील. ते हयात नाहीत.

दिवस चौथा: सरांच्या नागरी सत्काराचा, गेल्या हिवाळ्यातला. स्थळ, पुन्हा तेच सभागृह. फरशी नवी, पंखे नवे. जबाबदार: सर, माजी अध्यक्षांचे चिरंजीव जे आज स्वतः अध्यक्ष आहेत, आणि हसलेले सर्व उपस्थित.

नेमक्या तारखा ज्यांना हव्या असतील त्यांनी त्या माझ्याकडे मागाव्यात. मला त्या पाठ आहेत. मी नांदेडला तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसतो. लोक बोलतात, मी त्याचा अर्ज करतो. वाटणी, अतिक्रमण, चुकलेला फेरफार, बंद झालेली पेन्शन. उभे आयुष्य मी इतरांची गाऱ्हाणी 'मा. महोदय' या शब्दांनी सुरू केली. हे गाऱ्हाणे माझे आहे आणि ते मी त्या शब्दांनी सुरू करणार नाही.

तिसऱ्या दिवसापासून सांगतो. कारण अपमान त्या दिवशी झाला. पहिल्या दिवशी फक्त मणका मोडला होता.

माझे वडील धर्माबादच्या मोंढ्यात, मिरचीच्या बाजारात, हमाल होते. त्यांनी आयुष्यभर मिरचीची पोती वाहिली. त्यांच्या सदऱ्यात, मुंडाशात, घामात मिरचीचा खकाणा असे. ते जवळ आले की नवखा माणूस शिंकत असे. माझ्या अपघाताचा निरोप मिळाल्यावर ते लातूरला आले, तेव्हा मी खाटेवर पडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होतो. 'खाली गादी नव्हती.'

सरांनी त्यांना अध्यक्षांच्या जीपमधून सभागृहात नेले. पुढच्या सीटवर बसवले. वडील त्याआधी कधी जीपच्या पुढच्या सीटवर बसले नव्हते. परत आले तेव्हा खाली मान घालून माझ्याजवळ उभे राहिले. बसले नाहीत. सर त्यांच्या मागे, दारात.

"गादी हाय रे," वडील म्हणाले. "म्या सोत्ता हातानं दाबून बघितली. कोपरापस्तोर हात आत गेला. लई मऊ हाय."

"त्या दिवशी नव्हती, आबा."

"मंग सर खोटं बोलून राहिले का?"

"हाव," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही. ठेवला. त्या हाताच्या खकाण्याने माझे डोळे भरून आले आणि वॉर्डातल्या लोकांना वाटले, पोरगा पस्तावून रडतो आहे. मग वडील दाराकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"सर, पोरगं दुखण्यात बरळून राहिलं. चूक पदरात घ्या."

सर म्हणाले, "आपलंच पोर आहे. चुकतं कधी."

आयुष्यात ज्याने कोणाचे पोते फाडले नाही, अशा हमालाने मी न केलेल्या चुकीची माफी मागितली. ज्याची चूक होती त्याच्याकडे. आणि त्याने माफ केले.

आता मागचे सांगतो. मोंढ्यात पोत्यांची थप्पी लागत असे, घराच्या छपराएवढी. आम्ही हमालांची पोरे त्या थप्पीवरून खाली भुश्शावर कोलांटी मारून उतरायचो. एका शाळातपासणीच्या निमित्ताने सर धर्माबादला आले होते. त्यांनी मला हवेत पाहिले. वडिलांना म्हणाले, "हे पोर मला द्या." वडिलांनी दिले. बदल्यात काही मागितले नाही. सर म्हणजे देवमाणूस, असे ते अखेरपर्यंत म्हणत.

लातूरच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी माझे आडनाव विचारण्यात आले आणि मग पंगतीतली माझी जागा ठरली. शेवटच्या ओळीचे शेवटचे टोक. बागायतदारांची आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांची मुले माझ्या ट्रंकेजवळून जाताना नाक धरत. "आला रे मिरच्या!" सरांनीही तेच नाव उचलले. "मिरच्या, वर चढ." "मिरच्या, पाय जुळव." मला त्या नावाचा राग नव्हता. सरांच्या तोंडी ते मला नावासारखे वाटायचे.

कारण सरांनी मला विश्वास ठेवायला शिकवले होते. आडव्या बारवर हात सोडून जेव्हा शरीर हवेत जाते, तेव्हा माणसाला भीतीने खाली बघावेसे वाटते आणि खाली बघितले की मान फिरते, मान फिरली की उडी बिघडते. सर मला कमरेला धरून बारवर चढवायचे आणि दरवेळी एकच सांगायचे:

"वर असताना खाली बघायचं नाही. खालचं मी बघतो."

मी कधी बघितले नाही. राज्याच्या संघात गेलो, तेव्हाही नाही. देशाच्या संघाच्या शिबिरात निवड झाली, तेव्हाही नाही. परदेश दौऱ्याच्या संघात माझे नाव आले आणि लातूरच्या शिंप्याने माझ्या कोटाचे माप घेतले. तो म्हणाला, "खांदे लई रुंद हायेत हो, कापड जास्त लागंल." त्या एका वाक्याचा मला कितीतरी दिवस अभिमान वाटत होता. कोट मी कधी आणायला गेलो नाही.

लातूरच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खे शहर शेतात जाते. दुकाने बंद, दवाखाने ओस, रस्ते रिकामे. कडब्याची खोप, आणि जेवायला डाळी-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आपल्या शेतात बोलावतो. त्या वर्षी अध्यक्षांनी मुंबईच्या बड्या पाहुण्यांना येळवसेला बोलावले होते. पाहुणे आदल्या संध्याकाळी पोहोचले. त्यांच्यासाठी सभागृहात आमचे प्रात्यक्षिक ठेवले गेले.

मंचावर भारतीय बैठक होती. पांढऱ्या शुभ्र चादरी, लोड, तक्के. मी ती पाहिली आणि माझ्या मनात आले, किती उंच आणि मऊ बैठक आहे. एवढेच मनात आले.

बारखाली नेहमी पातळ गादी असे. उतरण्याच्या जागी, पुढे, स्पंजची जाड गादी. निळ्या रेक्झीनची खोळ, बाजूला चेन. त्या संध्याकाळीही निळी खोळ जागेवर होती. फुगलेली. नेहमीसारखी. सरांनी मला कमरेला धरले आणि कानाशी म्हणाले, "डबल टाक. पाहुण्यांना दाखव."

डबल म्हणजे उतरताना हवेत दोन कोलांट्या. मी टाकली.

मला ती उडी आजही स्नायूंनी आठवते. हात वेळेवर सुटले. गुडघे छातीशी आले, वेळेवर उघडले. पाय जुळलेले होते. मी दोन्ही टाचांवर, सरळ, उभा उतरलो. हे वाक्य कृपा करून पुन्हा वाचावे. मी उभा उतरलो. स्पंजची गादी आवाज करत नाही. ती श्वास सोडते. त्या दिवशी शहाबादी फरशीचा आवाज आला. तो आवाज टाचांतून कमरेत आला. मग मी पडलो. मंचावर टाळ्या सुरू होत्या. पाहुण्यांना वाटले, पडणेही खेळातलेच असावे.

दुसऱ्या दिवशी येळवस. वॉर्डात मी, एक म्हातारी आणि एक नर्स. दुपारी सर आले, थेट अध्यक्षांच्या शेतातून. हातात डबा. म्हातारीला आणि नर्सला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तुला सिंगल सांगितली होती. डबल का टाकलीस?"

मी म्हणालो, "सर, तुम्हीच सांगितलं. आणि खाली गादी नव्हती."

"गादी होतीच. उडी चुकली तुझी." त्यांनी डबा उघडला. "खा. भज्जी गार होईल."

मला भूक लागली होती. मी खाल्ली.

कमरेचा मणका दबून मोडला होता. डावा पाय परत आला नाही. मी कुबड्यांवर धर्माबादला गेलो. ज्या पाठीवर पोती येत त्या पाठीवर वडील मला अंगणापर्यंत नेत. मोंढ्यातले हमाल हसायचे, "उडीमास्तर आले, उडीमास्तर आले, वाट सोडा!" वडीलही हसायचे. पण कोणी विचारले, पोराला काय झाले, की ते न चुकता सांगायचे, "सरांचं ऐकलं न्हाई त्यानं." रागाने नाही. हळहळून. ते मरेपर्यंत हेच सांगत होते. मी किती वेळा खरे सांगितले, ते मोजले नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने गादी दाबून बघितली होती. त्या हातापुढे माझा शब्द टिकला नाही.

नंतर नांदेड. टायपिंग, मग अर्जनवीशी, मग लग्न. शरीराचे म्हणाल तर मी ते स्वीकारले. एके दिवशी लातूरकडचा एक तरुण प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायला बसला. खांद्यांवरून मी ओळखले, जिम्नॅस्ट. कोणत्या संस्थेचा, विचारले. त्याने सांगितले. मग माझ्या कुबड्यांकडे पाहिले आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

"काका, तुम्ही ते... मिरच्या का?"

"का रे?"

"न्हाई, आमच्या हॉलमध्ये म्हणतात. सर सांगतात सगळ्यांना. सांगितलेलं ऐका, न्हाईतर मिरच्या व्हाल."

मी प्रतिज्ञापत्र पूर्ण केले. सही कोठे करायची ते दाखवले. तो गेल्यावर मला कळले की मी केवळ जखमी झालेलो नाही. माझा धडा करण्यात आला आहे. पोरांच्या पिढ्या माझी चूक टाळायला शिकत आहेत, जी मी केलेली नाही.

मग सत्काराचे आमंत्रण आले. माझाही सन्मान होणार होता, 'अपघातावर मात करणारे माजी विद्यार्थी' म्हणून. पत्नी म्हणाली, "अहो, कशाला जाता? एवढ्या वर्षांत कुणी विचारलं का?" मी म्हणालो, सरांचे वय झाले आहे. या वयात माणूस खरे बोलतो.

ते खरेच बोलले.

पत्नी सोबत आली होती, माझ्याशेजारी बसली होती. सत्काराला उत्तर देताना सर रंगात आले. ठेवणीतला आवाज सोडून घरच्या बोलीवर आले. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देतो.

"आजच्या पोरांना समदं आयतं हाय. आमच्या टायमाला काय होतं? एकदा येळवसेला मुंबईचे पाहुणे आले. अध्यक्ष म्हणले, सर, फरशी बर्फावानी गार हाय, पाहुणे बसायचे कशे? म्या म्हणलं, काळजी सोडा! पोरांच्या उडीच्या गादीतला स्पंज काढला, मंचावर हातरला, वर चादर. अन् खोळ रिकामी दिसंल म्हणून तिच्यात कोंबल्या सतरंज्या! लावली चेन! भायेरून बघा, अस्सल गादी! पाहुणे म्हणले, वा सर, काय मऊ बैठक हाय! अन् पोरांना पत्ता न्हाई!"

सभागृह हसले. मीही हसलो. एक क्षण. सर गोष्ट अशी सांगत की हसू यायचेच. मग माझ्या कमरेला ते कळले, मला कळण्याआधी.

मी कुबड्या घेतल्या आणि उभा राहिलो.

"सर, ती कोणती येळवस?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. "कोण हाय? मिरच्या का? आरं ये, ये, वर ये!"

"कोणती येळवस, सर?"

"आता लई वर्सं झाली रे बाबा."

"ज्या संध्याकाळी तुम्ही मला डबल टाकायला सांगितली, तीच का?"

ते घाबरतील असे मला वाटले होते. ते घाबरले नाहीत. ते आठवू लागले. भुवया आक्रसून, मनापासून आठवू लागले. मी त्या गोष्टीत कुठेतरी होतो, हे त्यांनी इतकी वर्षे बाजूला ठेवले होते, जसे चादर वर घातली की खालचे दिसत नाही. मग त्यांना आठवले. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. आणि आठवल्यानंतर, होय, आठवल्यानंतर ते म्हणाले, "जाऊ दे ना आता. आज कशाला."

अध्यक्षांचे चिरंजीव माइकजवळ आले. "काका, आज आनंदाचा दिवस आहे. तुमचा विषय आपण ऑफिसमध्ये बसून बोलू." मागून कोणीतरी ओरडले, "बसा हो काका, जेवणं व्हायचीत अजून!" निवेदकाने गडबडीने माझे नाव पुकारले, 'अपघातावर मात करणारे...' आणि दोन माणसे शाल घेऊन माझ्याकडे चालत आली.

मी शाल खांद्यावर येऊ दिली नाही. म्हणालो, "अपघात हा शब्द मागे घ्या. जे कोणालाच ठाऊक नसते त्याला अपघात म्हणतात. हे यांना ठाऊक होते. यांनी स्वतः खोळीची चेन लावली. आणि नंतर माझ्या बापाला नेऊन, स्पंज परत भरलेली गादी त्याच्या हाताने दाबायला लावली."

तोवर सनई लावण्यात आली होती. मोठ्या आवाजात. शेवटची वाक्ये किती जणांना ऐकू गेली, मला माहीत नाही. म्हणून ती येथे लिहिली.

परतीच्या एसटीत पत्नी खिडकीबाहेर बघत होती. अहमदपूर मागे पडले. लोहा जवळ आले तेव्हा म्हणाली, "म्हणजे तुमची उडी खरंच चुकली नव्हती."

मी तिच्याकडे पाहिले.

"मला वाटायचं, माणूस दुखावलेला आहे, म्हणून तसं म्हणतो," ती म्हणाली. "मी कधी उलट बोलले नाही तुम्हाला."

नव्हती बोलली. इतकी वर्षे मी सांगत होतो, ती ऐकत होती, मला ताट वाढत होती. आणि मानत नव्हती. तिच्यावर माझा राग नाही. सरांनी नुसती माझ्याखालची गादी काढली नाही. माझ्या शब्दाखालची जागाही काढून घेतली. त्यानंतर मी जे काही बोललो ते सगळे फरशीवर आपटत राहिले.

त्यानंतर आताच्या अध्यक्षांचा, म्हणजे त्याच चिरंजीवांचा, फोन आला. "काका, सरांचं वय बघा. विनोदात बोलून गेले. किती ताणणार?" मी संस्थेला पत्र पाठवले. पोच मिळाली. उत्तर नाही. दुसरे पाठवले. पोचही नाही.

कायद्याचे मला कोणी सांगू नये. दावा मुदतबाह्य आहे. कोर्ट माझे ऐकणार नाही, हे वाक्य मी स्वतः रोज कोणा ना कोणाला कचेरीच्या पायरीवर सांगतो आणि तो माणूस मान खाली घालून उठून जातो. मी उठून जाणार नाही. मुदत दाव्याला असते. खोट्याला मुदत नसते. ते त्या सभागृहात आजही दर सकाळी पोरांना शिकवले जात आहे. वडील गेले. त्यांच्या हाताला जे मऊ लागले ते खोटे होते, हे त्यांना आता मी सांगू शकत नाही. पण ज्यांना सांगता येईल ते जिवंत आहेत.

मला भरपाई नको. शाल नको. ऑफिसात बसून चहा नको. लेखी खुलासा तर नकोच. लेखी खुलासे कसे तयार होतात हे मी पोटासाठी रोज पाहतो.

सर, मी तुम्हाला जाहीर विचारतो. येत्या येळवसेच्या आदल्या संध्याकाळी, त्याच सभागृहात, आज तेथे शिकत असलेल्या प्रत्येक मुलामुलीला समोर बसवून, माइकवर, ज्या आवाजात तुम्ही ती गोष्ट हसत सांगितलीत त्याच आवाजात सांगा: डबल टाकायला मी सांगितले. खाली गादी नव्हती. मला ठाऊक होते. त्याची उडी चुकली नव्हती.

आणि अध्यक्ष महोदय, तुम्ही उत्तर द्या: त्या मुलांच्या उडीखाली आज काय आहे? खोळ नव्हे. खोळीच्या आत. चेन उघडून, सर्वांसमोर दाखवा.

मी येणार आहे. मला खुर्ची देऊ नका. तुमचे उत्तर मी उभा राहून ऐकेन, जसा मी त्या दिवशी उतरलो होतो.